जोडे शिवणाऱ्याच्या दुकानातून सुरुवात: ग्रीक 'प्रोट्रेप्टिक' पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

फिलिस्कस नावाचा एक जोडे शिवणारा. तो दुकानात टाके घालतोय आणि शेजारी क्रातेस नावाचा फकीर तत्त्वज्ञ बसून मोठ्याने काहीतरी वाचतोय. वाचतोय ते अ‍ॅरिस्टॉटलचं पुस्तक, सायप्रसच्या थेमिसन नावाच्या राजाला लिहिलेलं, आणि त्यात म्हटलंय की राजेसाहेब, तत्त्वज्ञानाला लागायला तुमच्याइतकी सोय दुसऱ्या कुणाची नाही, खर्च करायला पैसा आहे, वर नावही आहे. फिलिस्कसचा हात शिवणात आणि कान वाचनाकडे. ते बघून क्रातेस म्हणतो, फिलिस्कस, मला वाटतं असं एक पुस्तक मी तुलाच लिहावं, कारण अ‍ॅरिस्टॉटलने ज्याला लिहिलं त्याच्यापेक्षा तुझी सोय मला जास्त दिसतेय.

हा किस्सा सांगणारा झेनो, म्हणजे स्टोइक नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञान-पंथाचा मूळ पुरुष. मला या विषयाचा, म्हणजे माणसाला तत्त्वज्ञानाकडे बोलावणाऱ्या अशा पुस्तकांचा, नाद लागला तो या किश्श्यामुळे, पण नंतर मी चुकीच्या दाराने आत शिरलो, थेट सगळ्यात जाडं पुस्तक उघडलं आणि दोनदा अर्ध्यात सोडलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून ज्या क्रमाने वाचायला हवं होतं तो क्रम इथे लिहून ठेवतोय. ग्रीक भाषा यायची गरज नाही, मलाही कामापुरतीच येते, इंग्रजी अनुवादावर भागतं. रोज अर्धा तास दिलात तर दीड-दोन महिन्यांत हे सगळं होतं.

आधी शब्दाचं बघू. 'प्रो' म्हणजे पुढे आणि 'ट्रेपो' म्हणजे वळवणं, त्यामुळे प्रोट्रेप्टिक म्हणजे एखाद्याला कशाकडे तरी वळवण्यासाठी केलेलं बोलणं किंवा लिखाण. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात अथेन्समध्ये शिकवणाऱ्यांची दुकानं जोरात होती आणि प्रत्येकाला विद्यार्थी हवे होते, तेव्हा खरं सांगायचं तर ही त्या काळातली क्लासची जाहिरात आहे, फक्त जाहिरात लिहिणारे प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल होते. याला जवळचा अजून एक प्रकार आहे, पॅरेनेसिस, म्हणजे आधीच मार्गाला लागलेल्याला 'असं वाग, तसं वागू नको' सांगणारा उपदेश. दोघांत गल्लत होते, ग्रीक लोकांचीही व्हायची, पण साधी खूण अशी की प्रोट्रेप्टिक उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाशी बोलतं. 'आत या' एवढंच त्याचं काम. आत आल्यावर काय, हा प्रश्न मागे उरतो आणि तो आपण सोडायचा नाहीये, पुढे येतोच.

स्टेप १: एपिक्युरसचं पत्र, एका बैठकीत, मोठ्याने

एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाने (इ. स. पू. ३४१ ते २७०) मेनोइकेउस नावाच्या माणसाला लिहिलेलं पत्र. चार-पाच पानांचं आहे, आणि डायोजेनिस लाएर्टियसने तत्त्वज्ञांची जी चरित्रं लिहिली त्याच्या दहाव्या भागात ते अख्खं उतरवून ठेवलंय म्हणून आपल्याला मिळालं. जुने अनुवाद नेटवर फुकट सापडतात.

पहिलंच वाक्य बघा. तरुणाने तत्त्वज्ञान पुढे ढकलू नये आणि म्हाताऱ्याने त्याचा कंटाळा करू नये, कारण मन बरं करून घ्यायला कुणी फार लवकर आला किंवा फार उशिरा आला असं होत नाही. म्हणजे 'आत्ता वेळ नाही' आणि 'आता वय झालं' ही आपली दोन्ही ठेवणीतली कारणं त्याने दारातच काढून घेतली. मग देव, मरण, इच्छांचे प्रकार, पाण्या-भाकरीची चव खरी भुकेल्यालाच कळते वगैरे, आणि शेवटी सांगतो की हे रात्रंदिवस स्वतःशी घोकत राहा, आणि तुझ्यासारख्याच दुसऱ्या कुणाबरोबर. हे 'दुसऱ्या कुणाबरोबर' लक्षात ठेवा. हे लिखाण मुळात ऐकवण्यासाठीचं आहे, मोबाईलवर एकट्याने स्क्रोल केलं की ते उपदेशाच्या फॉरवर्डसारखं लागतं.

स्टेप २: 'युथिडेमस', पण सगळं नाही

प्लेटोचा हा संवाद म्हणजे निम्मा फार्स आहे. युथिडेमस आणि डायोनिसोडोरस हे दोघे भाऊ, म्हातारे, आधी शस्त्रविद्या शिकवायचे आणि आता शब्दांची कुस्ती शिकवायला लागलेत. त्यांचा एक नमुना सांगतो. तुझ्याकडे कुत्रा आहे ना? आहे. त्याला पिल्लं आहेत? आहेत. म्हणजे तो बाप आहे. आणि तो तुझा आहे. म्हणजे तो तुझा बाप! मग विचारतात, तू या कुत्र्याला मारतोस का? हो म्हटलं की संपलं, बापाला मारलंस. हा मसाला मजेचा आहे पण पहिल्या वाचनात त्याच्यात अडकू नका. पानांच्या कडेला २७८ ते २८२ असे आकडे असतील (प्लेटोच्या बहुतेक अनुवादांत ते असतात, पत्ता शोधायला हेच वापरायचे), तेवढाच भाग घ्या.

तिथे सॉक्रेटिस क्लेइनियास नावाच्या पोरसवदा मुलाशी बोलतो. सगळ्यांना आपलं बरं व्हावं असं वाटतं, बरोबर? बरं कशाने होतं? पैसा, तब्येत, रूप, घराणं, सत्ता, यादी वाढत जाते. मग सॉक्रेटिस विचारतो की या गोष्टी नुसत्या जवळ असून चालतं का? सुताराकडे सगळी हत्यारं आहेत, लाकूडही आहे, पण तो काम करत नाही, तर त्याला फायदा काय? म्हणजे वापरायला हव्यात. आणि चुकीच्या वापरल्या तर? मग नसलेल्याच बऱ्या, कारण अडाण्याच्या हातात जितकं जास्त तितकं तो जास्त बिघडवणार. म्हणजे शेवटी चांगलं काय उरलं, तर नीट वापरायचं ज्ञान, तेच मिळवायला हवं.

हा भाग मी आईला मराठीत सांगत वाचून दाखवला होता. ती ओट्यावर मेथी निवडत होती, अर्धं लक्ष. सुताराचं उदाहरण आलं तशी म्हणाली, "म्हणजे आपलं लॉकरमधलं सोनं." मी म्हटलं हो, तसंच. दोन मिनिटांनी जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "पण मग वापरायचं कसं ते कोण सांगणार? ते सांगितलंय का पुढे?"

आता बघा, नेमका हाच प्रश्न सॉक्रेटिसही पुढच्या तुकड्यात (२८८ ते २९२) घेतो. ते ज्ञान नक्की कुठलं? भाषणं लिहिण्याचं? नाही. सेनापतीचं? तोही नाही, कारण शहर जिंकल्यावर तो ते राजकारण्यांच्या हवाली करतो, लावे पकडणारा जसा लावे पाळणाऱ्याला देऊन टाकतो तसा. शेवटी सॉक्रेटिस स्वतःच कबूल करतो की चंडोल पक्ष्यांच्या मागे धावणाऱ्या पोरांसारखी आमची गत झाली, आता हातात येतंय म्हणेपर्यंत भुर्र.

स्टेप ३: लगेच दुसऱ्या दिवशी 'क्लिटोफोन'

मध्ये गॅप ठेवू नका. हा जेमतेम पाच पानांचा संवाद प्लेटोच्या नावावर आहे, तो त्याचाच का यावर वाद आहे, पण आपल्याला त्याने फरक पडत नाही. यात क्लिटोफोन सॉक्रेटिसच्या तोंडावर तक्रार करतो. म्हणतो, तू नाटकात वरून यंत्राने उतरणाऱ्या देवासारखा उभा राहून लोकांना झापतोस, अरे माणसांनो कुठे चाललात, पैसा कमावण्यात सगळी धाव आणि ज्या मुलांना तो ठेवणार त्यांना तो न्यायाने वापरता येईल की नाही याची फिकीर नाही, आणि हे ऐकून मी अगदी भारावतो. पण मग मी विचारतो की ठीक आहे, पटलं, आता पुढे काय करायचं, तर तू आणि तुझे मित्र गोल गोल फिरता. ज्याला अजून कुणी वळवलेलं नाही त्याच्यासाठी तू लाखमोलाचा आहेस, पण जो वळलाय त्याच्या वाटेत तू जवळजवळ अडथळाच आहेस.

सॉक्रेटिस यावर काहीच बोलत नाही. संवाद तिथेच संपतो.

माझ्या मते अख्ख्या विषयातली ही सगळ्यात कामाची पाच पानं आहेत, आणि बहुतेक याद्यांमध्ये ती शेवटी टाकलेली असतात किंवा नसतातच. ती आधी वाचली की पुढचं प्रत्येक पुस्तक वाचताना क्लिटोफोन खांद्यावर बसलेला असतो.

स्टेप ४: वही काढा

प्रत्येक पुस्तकासाठी एक पान, त्यावर तीन ओळी. हे कुणाला उद्देशून आहे? कुणाच्या विरोधात आहे? आणि उद्या सकाळी नक्की काय करा म्हणतंय?

दुसरी ओळ लोक विसरतात. लारिसाचा फिलो, जो पुढे रोममध्ये सिसेरोचा गुरू झाला, त्याने तत्त्वज्ञाला डॉक्टरची उपमा दिलीय. डॉक्टरला आधी पेशंटला उपचार घ्यायला तयार करावं लागतं, आणि दुसरं म्हणजे शेजारीपाजारी जे उलटसुलट सल्ले देऊन गेलेत ते खोडून काढावे लागतात. प्रोट्रेप्टिकमध्येही हे दोन भाग असतात, एकात फायदे आणि दुसऱ्यात 'त्या अमक्याचं ऐकू नका'. तो अमका कोण ते सापडलं की मजकूर जिवंत होतो.

अ‍ॅरिस्टॉटलच्या बाबतीत तो अमका बहुतेक आयसोक्रेटिस. त्याची स्वतःची शाळा होती, वक्तृत्व आणि व्यवहारज्ञान शिकवायचा आणि त्यालाच 'फिलोसोफिया' म्हणायचा. 'अँटिडोसिस' नावाचं मोठं भाषण त्याने ८२ व्या वर्षी, इ. स. पू. ३५३ च्या सुमारास लिहिलं, त्यात तो म्हणतो की भूमिती आणि खगोल ही तरुणपणी डोक्याची तालीम म्हणून ठीक, पण त्यातच सुकून जाऊ नका. पूर्ण भाषण वाचायची सक्ती नाही, लांबण आहे, कडेच्या २६१ ते २७१ या परिच्छेदांवर काम होतं. बाय द वे, आयसोक्रेटिसनेही सायप्रसच्याच एका राजाला, निकोक्लेसला, उपदेशपर लेखन केलं होतं, त्यामुळे अ‍ॅरिस्टॉटलने नेमका सायप्रसचाच राजा का धरला असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

स्टेप ५: अ‍ॅरिस्टॉटलचं हरवलेलं पुस्तक

आता मुख्य गंमत. जोडे शिवणाऱ्याच्या दुकानात वाचलं जाणारं ते 'प्रोट्रेप्टिकस' आज अस्तित्वातच नाही. हरवलं. मग आपण वाचायचं काय?

तर झालं असं की इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकात सीरियातल्या इयाम्ब्लिकस या तत्त्वज्ञाने पायथागोरसच्या पंथावर एक मोठी मालिका लिहिली, त्यातल्या दुसऱ्या पुस्तकाचं नाव 'प्रोट्रेप्टिकस'. एकवीस प्रकरणं. यात त्याने जुन्या लोकांचे उतारेच्या उतारे घातलेत आणि बऱ्याच ठिकाणी कुणाचे ते सांगायची तसदी घेतलेली नाही, आजच्या भाषेत सरळ कॉपी-पेस्ट. १८६९ साली इनग्राम बायवॉटर या इंग्रज अभ्यासकाच्या लक्षात आलं की यातले बरेच उतारे अ‍ॅरिस्टॉटलच्या हरवलेल्या पुस्तकातले असणार. भरवसा का ठेवायचा? कारण इयाम्ब्लिकसने प्लेटोचेही उतारे असेच उचललेत, स्टेप २ मधला सुताराचा युक्तिवादसुद्धा, आणि प्लेटोचं मूळ आपल्याकडे असल्याने ताडून बघता येतं की हा माणूस उतरवताना फार फेरफार करत नाही. हे ताडून बघायचं काम तुम्ही स्वतः करा, पाचवं प्रकरण आणि 'युथिडेमस' शेजारी शेजारी ठेवून. मला तर अर्ध्या तासात गुप्तहेर झाल्यासारखं वाटलं.

भर म्हणून इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यात एक पपायरस (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदावरचा मजकूर) मिळाला, क्रमांक ६६६, १९०४ मध्ये छापला गेला, त्यातही याच पुस्तकातला मानला जाणारा उतारा आहे. मालकच नोकरापेक्षा हलका निघाला तर लोक हसतील, तसंच ज्याच्या मालमत्तेची किंमत त्याच्या स्वतःच्या किमतीपेक्षा जास्त आहे तो माणूस केविलवाणा समजावा, असा त्याचा आशय. याच सामग्रीत 'लहान मुलाच्या हाती सुरी नको' ही ग्रीक म्हण येते, अर्थ असा की नालायकांच्या हाती सत्ता देऊ नका. आपलं माकडाच्या हाती कोलीत, दुसरं काय.

वाचायचं ते इयाम्ब्लिकसचं सहावं ते बारावं प्रकरण. त्यात आठवं हळू वाचा. तिथे एक भयंकर चित्र आहे: एट्रुस्कन (प्राचीन इटलीतले) चाचे कैद्यांना छळायचे ते जिवंत माणसाला मढ्याशी तोंडाला तोंड, अवयवाला अवयव लावून बांधायचे, आणि आपला आत्मा शरीराला असाच बांधलेला आहे. ज्या अ‍ॅरिस्टॉटलला आपण कोरडा वर्गीकरण करणारा प्राध्यापक समजतो त्याच्या तरुणपणीचं हे लिखाण. वाचल्यावर मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

एक सापळा. 'तत्त्वज्ञान करायला हवं म्हणालात तर करायलाच हवं, आणि नको म्हणालात तरी ते नको हे सिद्ध करायला तत्त्वज्ञानच करावं लागतं' हा प्रसिद्ध युक्तिवाद याच पुस्तकातला म्हणून सगळीकडे फिरतो. तो नंतरच्या भाष्यकारांनी सांगितलेला आहे, इयाम्ब्लिकसमध्ये शोधत बसू नका, मी बसलो होतो. आणि एकविसावं प्रकरण वाचलंत तर शेंगा खाऊ नका, विस्तव सुरीने ढवळू नका अशा ३९ पायथागोरी सूत्रांचा अर्थ लावलेला मिळेल, चहाबरोबर छान.

मधली सुट्टी: गेलन

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला डॉक्टर गेलन, त्याचंही एक प्रोट्रेप्टिक आहे, विद्या शिका आणि त्यातही वैद्यक शिका असं सांगणारं. वर्गीकरण वगैरे सोडा, हा माणूस तोंडाचा तिखट आहे. क्रोटनचा पैलवान मिलो मारलेला बैल खांद्यावर घेऊन मैदानाभोवती फिरला, तर गेलन म्हणतो, अरे काय मूर्खपणा, थोड्याच वेळापूर्वी तेच धूड बैलाचा जीव याहून कमी कष्टात वागवत होता, आणि त्या जिवाची अक्कल केवढी? मिलोएवढीच. जिमवाल्या मित्राला वाचून दाखवलं, आठवडाभर बोलला नाही.

स्टेप ६: क्लेमेंट, आणि इथे घाई नको

अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट, ख्रिस्ती लेखक, जन्म साधारण इ. स. १५० चा, मृत्यू २१५ च्या आसपास. त्याचं 'ग्रीकांना आवाहन' दुसऱ्या शतकाच्या अखेरीचं. इथे साचा तोच पण दार बदललं, आता बोलावणं तत्त्वज्ञानाकडे नसून ख्रिस्ती श्रद्धेकडे आहे. बारा अध्याय. मी सुरुवात इथूनच केली होती आणि म्हणूनच आपटलो, कारण क्लेमेंट एका पानात सहा कवी आणि चार देव कोंबतो, आणि ज्या प्रकाराची तो नक्कल करतोय तो प्रकार माहीत नसेल तर नुसता गोंगाट ऐकू येतो.

पहिला अध्याय मात्र गाण्यासारखा आहे. लोक्रीचा युनोमोस नावाचा गायक डेल्फीच्या उत्सवात वाद्य वाजवतोय, भर उन्हाळा, पानापानांत सिकाडा किडे किरकिरतायत. वाजवता वाजवता तार तुटते. एक किडा उडी मारून वाद्यावर येऊन बसतो आणि तुटलेल्या तारेचा सूर स्वतः भरून काढतो. ग्रीक म्हणायचे की किडा गाण्याने भुलला, त्यांनी युनोमोसचा किड्यासकट ब्राँझचा पुतळाही उभारला. क्लेमेंट म्हणतो, छे, किडा आपल्या मर्जीने आला आणि आपल्या मर्जीने गायला. तुमच्या पुराणातल्या ऑर्फियस गायकाने जनावरं वश केली म्हणता, मी तुम्हाला नवं गाणं ऐकवतो, जे माणसांतल्या जनावरांना माणसाळवतं. म्हणजे समोरच्याचीच गोष्ट घ्यायची, तिची एक तार सोडवायची आणि आपली लावायची. शेवटच्या अध्यायात हेच तो होमरच्या काव्यातल्या ओडिसियसबरोबर करतो: खलाशांना भुलवून मारणाऱ्या सायरनच्या गाण्यापुढून जाताना ओडिसियस डोलकाठीला बांधून घेतो, तर क्लेमेंट सांगतो की तूही लाकडाला बांधून घे, आणि ते लाकूड म्हणजे क्रूस.

दुसरा ते चौथा अध्याय ग्रीक देवांची आणि गूढ विधींची यथेच्छ टिंगल आहे. चिमण्या-पाकोळ्या झ्यूसच्या पुतळ्यावर घाण करताना कुणाचा मुलाहिजा ठेवत नाहीत, या थाटाची. मूर्तिपूजा करणाऱ्या घरात वाढलेल्याला हे वाचताना टोचतं, मला टोचलं, पण वहीतली दुसरी ओळ इथेच भरून निघते. शिवाय गंमत अशी की अथेन्सजवळच्या ज्या एलेउसिसच्या गुप्त विधींची तो खिल्ली उडवतो त्यांचा परवलीचा शब्द आपल्याला त्याच्यामुळेच कळतो. आणि हे पुस्तक आपल्यापर्यंत पोहोचलं ते मुख्यतः ९१४ साली अरेथास नावाच्या आर्चबिशपने नकलून घेतलेल्या एका हस्तलिखितामुळे, जे आता पॅरिसला आहे.

क्लेमेंटकडे क्लिटोफोनच्या प्रश्नाला उत्तर आहे, निदान योजना तरी आहे. आवाहनानंतर त्याने 'पेडागोगस' लिहिलं, त्यात जेवायचं कसं, हसायचं कसं, जोडे कसले घालायचे इथपर्यंत सगळं सांगितलंय. मग 'स्ट्रोमाटा', म्हणजे गोधडी म्हणा, नाना विषयांचे तुकडे. त्याच्या पहिल्या भागात एका ओळीत तो म्हणतो की भारतात काही लोक 'बुट्टा'च्या शिकवणीने चालतात आणि त्याला देव मानतात. बुद्धाचं नाव घेणारा हा पाश्चात्य लेखनातला अगदी जुना उल्लेख, एवढ्यासाठी तरी ते पान काढून बघा.

स्टेप ७: परत 'युथिडेमस'कडे, या वेळी पूर्ण

आता कुत्रा-बाप वगैरे सगळं वाचा, आणि शेवटची दोन पानं विशेष. तिथे सॉक्रेटिसचा जुना मित्र क्रितो बोलतो. म्हणतो, पोरांसाठी मी चांगल्या घराण्यातली बायको केली, त्यांच्यासाठी पैसा जमवला आणि शिक्षणाकडे बघितलं नाही, हा वेडेपणाच. पण शिकवतो म्हणणाऱ्यांकडे बघितलं की एकेक नग दिसतो, मग थोरल्याला तत्त्वज्ञानाकडे वळवू कसा? इथे मूळ ग्रीकमध्ये क्रियापद तेच आहे, 'प्रोट्रेपो'. सॉक्रेटिस सांगतो की कुठल्याही धंद्यात बहुतेक जण यथातथाच असतात, म्हणून काय तू पोरांना पैसा कमवायला मना करणार आहेस? करणाऱ्यांना सोड, ती गोष्ट स्वतः पारखून बघ. वाईट वाटली तर पोरांनाच काय, सगळ्यांना परत फिरव. मला वाटते तशी वाटली तर तूही लाग आणि पोरांनाही लाव.

क्रितोने काय उत्तर दिलं ते प्लेटोने लिहिलेलं नाही.